गोकर्णाबाईची पहिली बाग

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ‘केळी कशी लावायची?’ असं विचारायला लोक अजून येतात. कुणाच्या घरामागे चार हात जागा असते, कुणाच्या मुलानं शेतात नवीन विहीर खोदलेली असते. मी सांगतो. खड्डा एवढा घ्या, शेणखत एवढं घाला, पाणी द्या पण साचू देऊ नका. लोक मान डोलावतात, चहा घेतात आणि जातात. ते गेले की मी उगाच अंगणात येऊन आभाळाकडे बघतो. ही सवय मला जऊळक्याच्या नोकरीत लागली.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. जऊळका स्टेशनच्या आसपासची गावं माझ्याकडे होती. हुद्दा शेती विस्तार अधिकाऱ्याचा आणि वाहन सायकल. संकरित ज्वारीचं बियाणं लोकांच्या गळी उतरवायचं, कपाशीवर फवारणी करून दाखवायची, शिव्या खायच्या आणि पुढच्या गावाला जायचं, असं एकंदर काम. केळीशी माझा संबंध पूजेच्या चौरंगाला बांधायच्या खांबांपुरता. शिकताना केळीवर एक धडा होता. परीक्षेला येत नाही म्हणून आम्ही सगळ्यांनीच तो सोडून दिला होता.

आषाढाच्या तोंडावर एका सकाळी स्टेशनातला हमाल मला बोलवायला आला. अकोल्याकडची पॅसेंजर येऊन गेली होती. फलाटावर गोणपाटाच्या पोत्यांचा ढीग, त्यातून हिरवी टोकं बाहेर आलेली, आणि ढिगावर एक बाई ठाण मांडून बसलेली. स्टेशनमास्तर तिच्यासमोर हातवारे करत होते.

“या साहेब,” मास्तर म्हणाले, “ही बाई गार्डाच्या डब्यातून आख्खं रान घेऊन आली! आता हे उचलायचं कोणी?”

“मीच उचलीन,” बाई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “तुमी शेतीचे साहेब ना? मी गोकर्णा. सुदाम तायडेची मंडळी. भुसावळकून केळीचं बेनं आनलं. आता कसं लावाचं ते सांगा.”

सुदाम तायडेला मी ओळखत होतो. रेल्वेत गँगमन होता. आठवडाभर लाइनीवर असायचा आणि सुटीला गावी यायचा. बौद्ध कुटुंब. स्टेशनपासून कोसभरावरच्या गावात नाल्याकाठी त्यांचं लहानसं शेत होतं. त्या गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथं आहेत. शेतातली विहीर सुदामनं आणि त्याच्या बापानं स्वतः खोदलेली. गोकर्णाबाईची बहीण भुसावळला दिलेली होती. तिच्याकडे गेली असताना बाईनं केळीच्या बागा पाहिल्या, त्या सावलीतून चालली आणि तिथंच तिनं ठरवलं की आपल्या शेतात हे करायचं. नवऱ्याला विचारलं नव्हतं. मला विचारायचा तर प्रश्नच नव्हता, पण लावायची वेळ आल्यावर मात्र साहेब आठवला.

“बाई, आधी विचारायचं तरी,” मी म्हणालो.

“इचारलं असतं तं तुमी नाही म्हनले असते.”

हे खरंच होतं.

पोती सोडली. केळीच्या बुडाशी जी पिलं फुटतात त्यांना मुनवे म्हणतात. तेच लावायचं बेणं. काही मुनव्यांची पानं तलवारीसारखी अरुंद असतात, बूड जाड असतं. ते चांगले. काही रुंद पानांचे, दिसायला देखणे आणि आतून पोकळ. त्यांच्यात जोर नसतो. बाईनं दोन्ही आणले होते, आणि देखणे जास्त. शिवाय प्रवासात काही सडले होते. मी भीत भीत निवड करून दिली. टाकायचा ढीग वाढत गेला तशी तिची मान खाली गेली. मग राहिलेल्या मुनव्यांची पोती तिनं बैलगाडीत टाकली.

त्या आठवड्यात मी तालुक्याला जाऊन केळीवरचं मिळेल ते वाचलं. खानदेशातून बदलून आलेल्या एका सहकाऱ्याच्या खोलीवर बसून त्याचं डोकं खाल्लं. मग जे काल कळलं ते आज गोकर्णाबाईला सांगायचं, असा माझा क्रम सुरू झाला. नवशिक्याला नवशिक्यानं शिकवायचं म्हणजे झोप उडते. तिला वाटायचं साहेबाला सगळं येतं. आणि ती समोर उभी असली की मलाही तसं दाखवावं लागे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. केळीचं खोड हे खोड नसतंच. पानांचे देठ एकात एक गुंडाळून झालेली ती नळी असते. खरं खोड म्हणजे जमिनीखालचा कंद. मुळं उथळ, म्हणून तिला पाण्याचा खंड सोसत नाही. पानं रुंद, म्हणून वारा सोसत नाही. थंडी पडली की ती आखडून बसते आणि ऊन तापलं की करपते. लावल्यापासून वर्ष उलटून जातं तेव्हा कुठं घड उतरतो, आणि घड दिला की ते झाड संपलं. बुडाशी राखलेला एक मुनवा पुढचं पीक देतो. ज्वारी बिघडली तर चार महिन्यांत माणूस मोकळा होतो. केळी वर्षभर जीव टांगणीला लावते.

पाऊस त्या साली सुरुवातीला बरा आला. मुनव्यांनी मुळं धरली आणि गुंडाळलेल्या सुरळीतून पानं सुटू लागली. गावातले लोक बांधावर येऊन बघून जात. आणि पोळ्याच्या आधीच पावसानं तोंड फिरवलं ते फिरवलंच. ज्वारी कणसात वाळली. तो सगळा भाग दुष्काळात गेला. माझं काम बदललं. खडी फोडायच्या कामांवर हजेरी बघायला जावं लागे. पण सायकल रोज त्या नाल्याकडे वळायची. तुरीच्या शेंगा भरल्या नाहीत, कपाशीची बोंडं गळली, आणि त्या सगळ्या पिवळ्या रानात एक हिरवा तुकडा. बघायला छान वाटायचा. मला मात्र त्या हिरवेपणाची भीती वाटायची.

दिवाळीनंतर मी एकदा धीर करून म्हणालो, “गोकर्णाबाई, अजून वेळ गेलेली नाही. ही काढून टाका आणि विहिरीवर थोडा गहू करा. उन्हाळ्यात पाणी पुरायचं नाही.”

ती आळ्यातलं तण काढत होती. मान वर न करता म्हणाली, “साहेब, तुमी रोज येता अन् रोज भेव दाखोता. पानी हाये अजून इहिरीत. ज्या दिवशी संपीन त्या दिवशी पाहू.”

घरी आमची सौभाग्यवती म्हणायची, “तुमच्या पोटातच केळी लागलीय.” खोटं नव्हतं. त्या वर्षी मी सोड्याची पुडी खिशात घेऊन फिरायचो.

हिवाळ्यात थंडीनं पानं निघायची थांबली. संध्याकाळी बांधावर पाचोळा जाळून धूर केला. त्यानं कितपत फरक पडला माहीत नाही, पण काहीतरी केल्याचं समाधान मिळालं. मुनवे भराभर फुटत होते. ते वेळच्या वेळी काढले नाहीत तर मोठ्या झाडाचं अन्न खातात. सुदाम सुटीवर आला की लाइनीवरच्या सवयीनं पहार घेऊन एकेक मुनवा उखडून काढी. “रेल्वेत खडी ठोकतो अन् घरी हे,” म्हणायचा. बायकोच्या या उद्योगावर तो खूष नव्हता, पण कामात कुचराई नव्हती.

फाल्गुनात पहिली केळ निसवली. म्हणजे पानांच्या मधून जांभळं केळफूल बाहेर आलं, वाकलं, त्याची एकेक पाकळी उचलली गेली आणि आत इवल्या इवल्या केळ्यांची फणी दिसली. गोकर्णाबाईनं मला हाताला धरून नेलं नाही एवढंच. आम्ही दोघं त्या झाडाखाली उभे राहून वर बघत राहिलो. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती.

“माय वं,” म्हणाली, “हे तं खरंच आलं.”

चैत्रात अर्ध्याहून जास्त बाग निसवली. आणि गावाची विहीर आटली.

गावची विहीर पाटलांच्या वाड्याजवळ होती. तायड्यांच्या वस्तीतल्या बायांना त्या विहिरीवर कधी चढू दिलं नव्हतं. त्यांनी पाणी खालून मागायचं आणि कुणी वरून ओतलं तर घ्यायचं. सुदामच्या बापानं शेतात विहीर खोदली ती त्यामुळेच. आता टँकर येई, पण कधी येई आणि कधी नाही. बायका नाल्यात झिरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरत.

एका सकाळी मी शेतात होतो. सुदामही सुटीवर आलेला, तिथंच होता. नाल्याच्या चढावरून पाटलांच्या घरच्या सरस्वतीबाई डोक्यावर घागर घेऊन आल्या. पन्नाशीच्या, अंगानं सडपातळ. त्यांच्या मागं गावातल्या पाच-सहा बाया. विहिरीपासून थोड्या अंतरावर त्या थांबल्या. पुढं यावं की न यावं, कळत नव्हतं.

सरस्वतीबाई म्हणाल्या, “गोकर्णा, पानी पाह्यजे होतं वं.”

गोकर्णाबाईनं विहिरीवरच्या पाणी उपसायच्या इंजिनाकडे बघितलं. नुकतंच सुरू केलेलं होतं, दांडातून पाणी केळीकडे चाललं होतं. तिनं सुदामला खूण केली. सुदाम हलला नाही. म्हणून तिनं स्वतः जाऊन इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं.

“भरा,” ती म्हणाली. “पन माह्या इहिरीवर लाइन येकच राहीन. आमच्या बाया पह्यलेपासून उभ्या हायेत. त्याइच्या मांगं लागा.”

वस्तीतल्या बाया घागरी घेऊन उभ्या होत्याच. सरस्वतीबाई त्या रांगेकडे बघत राहिल्या. त्यांच्या मागची एक बाई काहीतरी पुटपुटली आणि वळली; तिच्यामागं आणखी दोघी नाल्याकडे परत गेल्या. सरस्वतीबाईंनी घागर उतरवली आणि रांगेच्या शेवटी, गोकर्णाबाईच्या जावेच्या मागं ठेवली. परत गेलेल्या बायाही पुढच्या आठवड्यात आल्या.

बाया गेल्यावर सुदामचा आवाज चढला. “माह्या बापाले त्या इहिरीच्या कट्ट्यावर चढू देलं नाही. अन् आता आपन केळी मारून त्याइले पानी द्याचं? कायले?”

“केळीले पानी देत असताना त्या समोर रिकाम्या घागरी घिऊन उभ्या राह्यतीन,” गोकर्णाबाई म्हणाली. “मले नाही जमत तसं. तुमाले जमते तं तुमी चालू करा इंजिन. मी घरात जाऊन बसतो.”

सुदाम विहिरीच्या काठावर जाऊन बसला. इंजिनाला त्यानं हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही विहिरीत दोर सोडून पाणी पाहिलं. झरा होता, पण बारीक. गावाचं पिणं आणि सगळी बाग असं दोन्ही भागणार नव्हतं. बाग अर्धी केली तर पावसापर्यंत कदाचित रेटता येईल. कदाचित.

“मंग अर्धी तोडू,” गोकर्णाबाई म्हणाली. “पन कोनती ठेवाची अन् कोनती जाऊ द्याची, ते तुमी सांगा. माह्यानं होनार नाही.”

चुन्याचं डबडं आणि काडीला गुंडाळलेली चिंधी घेऊन मी बागेत शिरलो. नोकरीत पुढं मी बरीच कामं केली, पण इतका घाबरलेला कधी नव्हतो. ज्यांचा घड निसवून फण्या भरायला लागल्या होत्या ती ठेवायची; जी अजून निसवायची होती ती जाऊ द्यायची. हे बोलायला सोपं. मधली झाडं काय करायची? कालच केळफूल वाकलेलं, आजच पहिली फणी दिसलेली? एका झाडाला मी तोडायची खूण केली आणि पुढं गेलो, मग परत येऊन पुसली, मग पुन्हा केली. गोकर्णाबाई माझ्या मागून चालत होती. माझी चूक झाली असती तर तिला ती कळलीही नसती, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटत होती. वर्षभर तिनं पाणी घातलेल्या झाडांवर मी चुना लावत चाललो होतो आणि ती फक्त म्हणत होती, “बरं. बरं. हे बी? बरं.”

तोडताना खोडांतून पाणी ठिबकत होतं. त्या वर्षी जनावरांना कडबा नव्हता; लोक छपराचं गवत उपसून गुरांना घालत होते. सुदामनं खोडांचे तुकडे करून वस्तीतल्या आणि गावातल्या ज्यानं मागितले त्याला दिले. बैल ते तुकडे अधाशासारखे खात होते. पानं आम्ही राखलेल्या झाडांच्या आळ्यांत जाड पसरली, म्हणजे ओल उडून जाऊ नये. तो दिवस संपला तेव्हा निम्मं शेत उघडं पडलं होतं आणि माझ्या हातांना चुन्यानं चिरा पडल्या होत्या.

त्यानंतरचा महिना मी विहिरीत डोकावण्यात घालवला. सकाळी गावाचं पाणी, ऊन उतरल्यावर केळीचं. घड भरत होते, पण हळू. केळ्याच्या अंगावरच्या धारा जाऊन ते गोल व्हायला लागलं की भरलं म्हणायचं. माझ्या डोळ्यांना त्या धारा जिथल्या तिथंच दिसायच्या. दुपारचा वारा पानांच्या चिंध्या करून टाकायचा.

आणि मृग जवळ आला तसं एका दुपारी पश्चिमेला आभाळ काळं-तांबडं झालं. सकाळी पाणी भरायचं राहिलेल्या काही बाया उशिरा आल्या होत्या. विहिरीवर रांग होती. मी नुकताच सायकल टेकवत होतो. पाऊस यावा म्हणून गाव देव पाण्यात घालून बसलं होतं, आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो की पाऊस येऊ दे पण वारा नको. ते तसं कधी येत नाही. आधी वाराच आला.

घड लागलेली केळ वाऱ्यात एका बाजूला जड असते. एक हिसका बसला की ती मधून मोडते, किंवा मुळासकट उपटून पडते. टेकू द्यायला बांबू हवेत. ते आम्ही ‘आणू, आणू’ म्हणत होतो, पण मिळत नव्हते. पहिलं झाड मोडल्याचा आवाज अजून कानात आहे. ओलं लाकूड मोडावं तसा नव्हे, भिजलेलं पोतं फाटावं तसा.

“दोर!” मी ओरडलो. “झाडं एकमेकांना बांधायची! दोर आहे का?”

गोकर्णाबाईच्या घरचा एकच दोर, तो विहिरीवर. पण रांगेतल्या प्रत्येक बाईकडे बादलीचा दोर होता. सरस्वतीबाई सगळ्यांत पुढं होत्या. त्यांनी आपली बादली सोडली, दोर हातात घेतला आणि धुळीतून सरळ बागेत शिरल्या. “कसं बांधाचं, दाखवा लवकर!” त्यांच्या मागून बाकीच्या आल्या. दोघी-तिघी मात्र आपल्या छपरांच्या काळजीनं घराकडे धावल्या, आणि त्यांचंही चुकलं नाही; त्या दिवशी गावातल्या घरांचे पत्रे उडाले होते.

मी झाडाच्या गळ्याशी फास टाकून दाखवला. घडाच्या खाली, पानांच्या बुडाशी. एक झाड दुसऱ्याला, दुसरं तिसऱ्याला, असं तिरपं ताणून. डोळ्यांत माती, तोंडात माती. कोण कुणाच्या शेजारी आहे ते दिसत नव्हतं. एका झाडाला सरस्वतीबाई मिठी मारून उभ्या होत्या आणि गोकर्णाबाई त्यांच्या हाताखालून दोर ओढून गाठ मारत होती.

“सोडू नका हो पाटलीनबाई!”

“नाही सोडत वं! तू बांध!”

मग गारांसारखे टपोरे थेंब आले आणि वारा पडला. काही झाडं गेली. बरीचशी वाचली. आम्ही सगळे चिखलात बसून राहिलो. गोकर्णाबाई पडलेल्या घडांवरून हात फिरवत होती, अर्धवट भरलेले, भाजीलाच कामी येणारे. तिनं ते तिथल्या तिथं बायांना वाटून टाकले.

त्या वर्षी पाऊस वेळेवर लागला. श्रावणात घड उतरले. खानदेशातल्या घडांच्या मानानं ते किरकोळ दिसत होते, फण्या कमी, केळी बोटाएवढी. पण पिकल्यावर गोड निघाली. काही जऊळक्याच्या बाजारात विकली, काही टोपल्यांतून त्याच पॅसेंजरनं अकोल्याला गेली. स्टेशनमास्तरांनी एक फणी ठेवून घेतली आणि वजनाबद्दल काही बोलले नाहीत. वर्षभरानं मी पहिल्यांदा खिशातली सोड्याची पुडी फेकून दिली.

यानंतरची गोष्ट सांगायला मला आवडत नाही, पण ती आहे. गावची विहीर भरली. बाया तिकडे परत गेल्या. त्यात काही वावगं नव्हतं, ती जवळ होती. पण तिच्या कट्ट्यावर पुन्हा जुनाच कायदा सुरू झाला. वस्तीतली एक सून तिथं घागर घेऊन गेली, तर तिला खाली उभं राहायला सांगितलं. सरस्वतीबाई त्या वेळी तिथं होत्या, असं मी ऐकलं. त्या काही बोलल्या नाहीत, असंही ऐकलं. खरंखोटं करायला मी गेलो नाही. रस्त्यात त्या भेटल्या की ‘गोकर्णाची बाग कशी हाये?’ एवढं मात्र विचारत, आणि उत्तर ऐकायला थांबत.

पुढच्या लागवडीच्या वेळी मी नाल्याकाठी गेलो. माझी बदली झाली होती, निरोप घ्यायचा होता. गोकर्णाबाई तोडलेल्या अर्ध्या शेतात खड्ड्यांसाठी खुंट्या ठोकत होती. मला राहवलं नाही. मी म्हणालो, “बाई, ज्यांच्यासाठी तुम्ही निम्मी बाग तोडली, त्यांनी तुमच्या वस्तीला कट्ट्यावर चढू दिलं नाही. तुम्हाला काही वाटत नाही?”

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. विहिरीकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं. दोर कोरडा लोंबत होता.

“वाटते ना. काहून नाही वाटनार?” ती म्हणाली. मग तिनं खुंट्यांची मोळी माझ्या हातात दिली. “पन आता कोनी येत नाही तं पानी उरते, साहेब. अजून दोन ओळी बसतीन का इथं? जाच्या आधी तेवढं मोजून द्या.”

मी चपला काढल्या आणि पावलांनी मोजायला लागलो.